खंजिरी, खराटा आणि पावतीपुस्तक

आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या बागांमधून आंबिया बहाराची संत्री उतरायला लागलेली असतात. व्यापाऱ्यांचे सौदे, तोडणीच्या मजुरांची ओढाताण, शेंदूरजनाघाटकडच्या रस्त्यावर मालाच्या गाड्या, सगळं एकदमच सुरू असतं. तरीही गावोगावचे गुरुदेवभक्त त्या दिवशी काम टाकून मोझरीची वाट धरतात. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी तिथल्या गुरुकुंज आश्रमात हजारो माणसं मौन उभी राहतात. 11 ऑक्टोबर 1968 रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला, त्या क्षणाला दिलेली ही मानवंदना. ज्यांना जाता येत नाही ते आपल्याच गावात, प्रार्थनामंदिरासमोर उभे राहतात.

तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा या दोघांनी वऱ्हाडाला एक रीत दिली. गाणं देवासाठी म्हणायचं आणि त्यातून जमलेलं सगळं गावासाठी, आजाऱ्यासाठी, वाटसरूसाठी लावायचं. मानधन नाही, बिदागी नाही. आज धर्मादाय कामासाठी संगीताचे कार्यक्रम सगळीकडे होतात. तिकिटं विकली जातात, प्रायोजक मिळतात, त्यात गैर काहीच नाही. पण अमरावती जिल्ह्याच्या मातीत या कामाची जी शिस्त तयार झाली, ती मला त्याहून मोलाची वाटते.

त्या शिस्तीचा पाया घातला गाडगेबाबांनी. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर 1905 मध्ये घर सोडून बाहेर पडले. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका हातात काठी, दुसऱ्या हातात जेवायचं मडकं. कीर्तनाच्या गावी पोचले की आधी खराटा हातात. ज्या रस्त्याने लोक रात्री येणार तो दिवसा झाडून काढायचा. गावकरी आधी बघत राहायचे, मग लाजेने एकेक जण झाडू घेऊन उतरायचा. रात्रीचं कीर्तन सुरू होण्यापूर्वी गावाने श्रमाची पहिली वर्गणी अशी भरलेली असे.

कीर्तनही व्यासपीठावरून एकतर्फी ऐकवलेलं नसे. बाबा वऱ्हाडी बोलीत सवाल करत, मंडपातून उत्तर येई, त्या उत्तरावर पुढचा सवाल. कर्ज काढून सण करता काय, देवाला बोकड कापता काय, पोराला शाळेत घातलं काय. मधूनच गोपाळाच्या नावाचा गजर आणि हजारो टाळ्यांचा ताल. वाद्यांचा थाट नसला तरी माणसं तासन् तास बसत. शेवटी मागणं मांडलं जाई: अमुक ठिकाणी धर्मशाळा हवी आहे, अमुक ठिकाणी अन्नछत्र. लोक देत. बाबा स्वतःसाठी त्यातलं काही घेत नसत. रक्कम त्या कामासाठी नेमलेल्या मंडळींकडे जाई. जेवायला ते दुसऱ्याच कुणाच्या दारात, मडक्यात भाकर मागून.

या कीर्तनांतून काय उभं राहिलं ते आजही डोळ्यांनी बघता येतं. पूर्णेकाठच्या ऋणमोचनचा घाट, मूर्तिजापूरचं गोरक्षण, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा. पंढरपूरला अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पुढे 1952 मध्ये सगळ्या संस्थांचा कारभार गाडगे महाराज मिशनकडे सोपवला. स्वतःच्या कुटुंबासाठी त्यात वाटा ठेवला नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगावला ते गेले, तेव्हा मागे ठेवण्यासारखी स्वतःची मालमत्ता त्यांच्याजवळ नव्हती. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी आलेली कुटुंबं तिथे थोडक्या पैशात राहतात. त्यात विदर्भातले लोक असतातच. मुंबईत कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला त्या छपराची किंमत काय असते, हे ज्याच्या घरात दुखणं आलं त्यालाच ठाऊक.

तुकडोजी महाराजांचा मार्ग खंजिरीचा. 30 एप्रिल 1909 रोजी यावलीत जन्म, वरखेडच्या आडकोजी महाराजांचं शिष्यत्व, 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंजाची स्थापना. 1942 च्या आंदोलनात आष्टी-चिमूरपासून यावली-बेनोड्यापर्यंत गावं पेटली, त्यामागे त्यांच्या भजनांचाही जोर होता. इंग्रज सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. हे बेनोडा वरूड तालुक्यातलंच. त्यांनी पुढे जे केलं ते मात्र तुरुंगवासापेक्षा टिकाऊ ठरलं: गावोगाव गुरुदेव सेवामंडळं. रोज संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, आठवड्याचं भजन, आणि त्याच माणसांनी ग्रामसफाई, व्यायामशाळा, वाचनालय सांभाळायचं. गाणारा, वर्गणी गोळा करणारा आणि नाली उपसणारा ही तीन वेगळी माणसं राहिली नाहीत.

गाण्यातून वस्तीच्या कामाला पैसा उभा करण्याची अशी एक घटना दूर अमेरिकेतही घडली आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून, उपदेशकाने हाक द्यायची आणि जमावाने साद द्यायची या गायकीतून, सोल संगीत जन्माला आलं. गाडगेबाबांच्या कीर्तनातले सवालजवाब ज्याने ऐकले असतील त्याला ती रीत परकी वाटणार नाही. 20 ऑगस्ट 1972 रोजी लॉस एंजेलिसच्या मोठ्या क्रीडांगणात स्टॅक्स या कंपनीच्या गायकांनी दिवसभर गाणं केलं. वॅट्स वस्तीतल्या 1965 च्या दंगलीला सात वर्षं झाली होती. गरिबातल्या गरिबाला येता यावं म्हणून तिकीट फक्त एक डॉलर. लाखभर माणसं आली. वॅटस्टॅक्स नावाच्या या कार्यक्रमाची मिळकत वस्तीतल्या कामांसाठी होती, आणि त्यात एक काम सिकलसेल आजाराचं होतं.

सिकलसेल. हा शब्द विदर्भाला नवा नाही. मेळघाटच्या कोरकूंपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा उठतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. पण नागपूरला जायचं बसभाडं, सोबत जाणाऱ्याची बुडालेली रोजी, ऐनवेळी लागणारा रक्तदाता, या गोष्टी कुठल्याच योजनेच्या कागदावर पुरत्या बसत नाहीत. खेड्यातला गरीब बाप उपचार सोडून देतो तो बहुतेक वेळा इथे.

आणि नेमकं हेच काम भजनी मंडळाच्या आवाक्यातलं आहे. वरूडच्या माणसांना एकत्र येणं शिकवायची गरज नाही. संत्र्याच्या बागांपायी इथलं भूजल इतकं उपसलं गेलं की तालुका अतिशोषित ठरला. मग 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत आंबेजोगाई आणि कोरेगावबरोबर वरूड होतं. भर उन्हाळ्यात 45 दिवस कुदळ-फावडं घेऊन माणसं चर खणत होती. श्रमाची वर्गणी भरायची गाडगेबाबांची ती सवय इथे मेलेली नाही.

विदर्भात आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला उभारलेल्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्वरानंदवन हा वाद्यवृंद. कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलावंत त्यात गातात, वाजवतात, नाचतात, आणि महाराष्ट्रभर कार्यक्रम करून संस्थेच्या कामाला हातभार लावतात. ज्यांच्यासाठी एरवी मदत मागितली जाते, तेच तिथे मदत उभी करतात. बाबा आमट्यांच्या कामाचं याहून मोठं प्रमाणपत्र मला दिसत नाही.

वरूड, मोर्शी, चांदूरबाजार या भागांत खंजिरी भजनांच्या स्पर्धा आवडीने ऐकल्या जातात. बक्षिसं, मंडप, ध्वनिक्षेपक यांवर खर्च होतो आणि तो होऊ द्या. पण येत्या पुण्यतिथीच्या स्पर्धेत मंडपाच्या दाराशी एक पेटी ठेवा. ती गाणाऱ्यांपैकी कुणाच्या ताब्यात देऊ नका; गावाने नेमलेल्या तिघांकडे द्या, त्यांत एक तरी बाई असू द्या. प्रत्येकाला पावती फाडा. दुसऱ्या दिवशी जमा किती आणि ती कुणाच्या उपचाराच्या प्रवासासाठी राखली, हे आजाऱ्याचं नाव न लिहिता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. त्याच मंडपात आरोग्य उपकेंद्राच्या मदतीने लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची सिकलसेल तपासणी ठेवा. आंबियाचे सौदे झालेले असतात, हातात पैसा असतो. हे काम याच हंगामात सुरू करा.