तीन पदार्थांचे जेवण, एकच दर : हॉटेलवाल्याला परवडते कसे?

समुद्रकाठच्या मासळीच्या हॉटेलात जेवण म्हणजे खिशाला मोठी कात्री, हा सर्वसाधारण अनुभव आहे. तरीही अमेरिकेतील अनेक बंदराच्या शहरांत अशी हॉटेले वर्षातील काही दिवस सूप, मुख्य माशाचा पदार्थ आणि शेवटी गोड असे पूर्ण जेवण ठराविक, कमी दरात देतात. ही खैरात नव्हे, त्यामागे पक्का हिशेब असतो. आपल्याकडे किनाऱ्यावर खानावळ किंवा हॉटेल चालविणाऱ्यांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात न्यूयॉर्कची

जुलै १९९२ मध्ये न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना शहरातील नामांकित हॉटेलांची ओळख व्हावी म्हणून टिम झगाट आणि जो बाऊम यांनी एक योजना काढली. सालाचा आकडा धरून दुपारच्या जेवणाचा दर ठेवला १९.९२ डॉलर. योजना चार दिवसांपुरती होती, पण हॉटेले भरून गेली आणि तो दरवर्षीचा प्रघात पडला. पुढे रात्रीचे जेवणही त्यात आले. बोस्टन, सॅन दिएगो अशा बंदराच्या शहरांनीही हा कित्ता गिरविला. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून ३०, ४५ आणि ६० डॉलर असे तीन दर ठेवण्यात आले.

रिकामी खुर्ची म्हणजे नासलेला माल

कापड आज खपले नाही तर उद्या खपते. हॉटेलातील आज रात्रीची रिकामी खुर्ची मात्र उद्या विकता येत नाही. भाडे, पगार, वीज, बर्फ आणि कर्जाचा हप्ता हा खर्च गिऱ्हाईक येवो न येवो, होतोच. पाण्याकाठच्या जागेचे भाडे तर अधिकच असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, साठ खुर्च्यांच्या हॉटेलाचा एका रात्रीचा बांधील खर्च १८,००० रुपये आहे. माणशी बिल ९०० रुपये आणि त्यात मालाचा खर्च ३००, म्हणजे माणशी ६०० रुपये उरतात. शनिवारी ४० गिऱ्हाइके आली तर २४,००० रुपये उरतात आणि नफा ६,००० होतो. मंगळवारी २०च आली तर १२,००० उरतात आणि तोटा ६,००० होतो.

आता मंगळवारी ६०० रुपयांत पूर्ण जेवण ठेवले, मालाचा खर्च २४० वर आणला आणि ५० गिऱ्हाइके आली, तर माणशी ३६० प्रमाणे १८,००० रुपये उरतात. बांधील खर्च निघाला. वर सरबत किंवा एखादी जादा प्लेट यांतून माणशी ८० रुपये सुटले तर ४,००० रुपये नफा.

पण हीच योजना शनिवारी लावली तर? तीच ४० माणसे स्वस्त जेवण घेतील, १४,४०० रुपये उरतील आणि नफ्याच्या जागी ३,६०० रुपयांचा तोटा येईल. म्हणून अनुभवी मालक ही सवलत आडवारी देतात किंवा सूर्यास्तापूर्वीच्या वेळेपुरती ठेवतात. बुडते ते हॉटेल, जे गर्दीच्या दिवशीही ती चालू ठेवते.

मालाचा खर्च आटोक्यात कसा येतो?

पहिला उपाय म्हणजे मोजके पदार्थ. चाळीस पदार्थांऐवजी तीन-चार पदार्थ केले की खरेदी एकगठ्ठा होते, आचाऱ्याचा वेळ वाचतो आणि मासळी शिळी होऊन फेकावी लागत नाही.

दुसरा उपाय माशाच्या निवडीत आहे. डोके, काटे आणि कातडे काढून नुसते मांस घेतले तर अख्ख्या माशाचे साधारण निम्मे किंवा त्याहून कमी वजन हाती लागते. म्हणजे ४०० रुपये किलोचा मासा ताटात ८०० च्या पुढे जातो. म्हणून पहिला पदार्थ भरीचा असतो. अमेरिकेत तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे दूध-बटाटे घातलेले दाट सूप देतात. मालाचा खर्च थोडा आणि पोटाला आधार चांगला. शेवंडीसारखा महाग पदार्थ हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे लावतात.

तिसरा उपाय म्हणजे माशाचे नाव न छापणे. ‘आजचा मासा’ एवढेच लिहिले की बाजारात जो ताजा आणि बेताच्या भावाचा मिळेल तो घेता येतो.

आपल्या किनाऱ्यावर

आपली मासळीची थाळी हे मुळात ठराविक दराचेच जेवण आहे. तळलेला तुकडा, कालवण, भाकरी, भात आणि सोलकढी असे सर्व त्यात आले. अडचण येते ती पापलेट-सुरमईच्या हट्टाने. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, आवक घटते आणि भाव चढतात. छापलेला दर मात्र तोच राहतो. अशा वेळी बांगडा, मांदेली, तिसऱ्या यांपैकी जे ताजे मिळेल त्यावर ‘आजची थाळी’ बसविणे शहाणपणाचे. शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड आणि मधल्या दिवशी शुकशुकाट, हे चित्र किनाऱ्यावर नवे नाही. सवलत द्यायची ती मधल्या दिवशी.

दर छापताना कर धरला आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. साध्या रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सेवाशुल्क तर बिलात आपोआप लावता येत नाही, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आहे. सहाशेची पाटी वाचून आलेल्या माणसाला सातशेचे बिल मिळाले तर तो पुन्हा येत नाही.

स्वस्त जेवणाची खरी कमाई त्या रात्रीच्या गल्ल्यात थोडी आणि परत येणाऱ्या गिऱ्हाइकात जास्त असते. म्हणून दर कमी करावा, पण मासा शिळा किंवा तुकडा लहान करू नये. योजना सुरू करण्यापूर्वी महिनाभर रोजची गिऱ्हाइके, मालाचा खर्च आणि रिकाम्या खुर्च्या वहीत लिहून काढाव्यात. सवलत कोणत्या दिवशी आणि किती द्यायची, हे ती वहीच सांगेल.