लेकराचा खोकला आणि औषधाची निवड

थंडी वैनगंगेच्या काठी उतरली, की आमच्या वर्गातील बाके रिकामी दिसू लागतात. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते, "सर, सर्दी-खोकला आहे, औषध चालू आहे." कोणते औषध, असे विचारावे तर बहुधा एखाद्या प्रतिजैविकाची बाटली पुढे येते, आणि तीही कित्येकदा मागच्या आजारपणातील उरलेली!

हे आम्ही कोणास नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याही घरी थोरल्याची उरलेली बाटली धाकट्यास पाजली गेली आहे. दोन दिवसांनी त्यास धाप लागली आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. तेथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो असा, "श्वास मोजला होता का?" मूल बरे झाले, पण प्रश्न मनात राहून गेला. महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

वास्तविक मुलांचे बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविके मारतात ती जिवाणूंना. विषाणूंवर त्यांचा काडीमात्र उपयोग होत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, असेही नव्हे. अशी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. उलट विनाकारण दिलेल्या प्रतिजैविकाने जुलाब लागतात, अंगावर पुरळ उठते; आणि मुख्य म्हणजे जिवाणू त्या औषधास निर्ढावतात. मग खरी गरज पडते त्या दिवशी ते औषध चालत नाही.

ती खरी गरज म्हणजे न्यूमोनिया. यात फुप्फुसे जंतूंनी ग्रासली जातात. आपल्याकडे यालाच 'पसली चालणे' म्हणतात. येथे मात्र प्रतिजैविक जीव वाचवते आणि उशीर जीव घेतो. तेव्हा साधी सर्दी कोणती आणि न्यूमोनिया कोणता, हे ओळखणे हीच औषधाच्या निवडीची पहिली पायरी होय.

ही पायरी सामान्य माणसालाही चढता येते, हे आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला सिद्ध झाले आहे. वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्यात जाते. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८८ साली ५८ गावांत एक प्रयोग आरंभिला. आरोग्यसेवकांना आणि दायांनाही न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ रिते होण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, की न्यूमोनिया समजावयाचा. वर्षभरानंतर या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत १७.५. हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अक्षरशत्रू दाईला जे साधले, ते आपल्या घरातील शिकल्यासवरल्या आईबापांस का साधू नये?

मूल शांत असताना, शक्यतो निजलेले असताना, त्याचे पोट उघडे करावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तरीही तसेच. मूल दूध-पाणी घेत नसेल, सर्व काही ओकून टाकत असेल, झटके येत असतील, गुंगीत असेल किंवा शांत असतानाही श्वासाला घरघर आवाज येत असेल, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळास तर घरी ठेवूच नये.

आता औषधाविषयी. गडचिरोलीत त्या वेळी को-ट्रायमॉक्साझोल दिले होते. आज घरी राहून बरे होण्याजोग्या न्यूमोनियात पहिली पसंती ॲमॉक्सिसिलिनला आहे. २०१९ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'सांस' मोहिमेत आशा कार्यकर्तीने याचीच पहिली मात्रा देऊन मुलास दवाखान्यात पाठवावे, अशी योजना आहे. हे औषध जुने व स्वस्त आहे म्हणून ते हलके, असे मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे तीन वर्ग केले आहेत : नेहमी वापरावयाची, जपून वापरावयाची व राखीव. ॲमॉक्सिसिलिन पहिल्या वर्गात आहे. ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्यात. सबब "जोरदार औषध द्या" असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये. मुलास पूर्वी पेनिसिलिन सोसले नसेल तर ते आधी सांगावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून एकाची बाटली दुसऱ्यास चालत नाही; आणि पाण्यात कालवलेले औषध एक-दोन आठवड्यांत निकामी होते. सांगितलेले दिवस मात्र पुरे करावेत.

खोकल्याच्या गोड सिरपांचाही मोह नको. २०२५ साली आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. साध्या सर्दीस कोमट पाणी, अंगावरचे दूध, विश्रांती आणि एक वर्षावरील मुलास चमचाभर मध एवढे पुरते.

शेवटी, आजार न होऊ देणे हेच उत्तम. न्यूमोनियावरील पीसीव्ही लस सरकारी केंद्रांत दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत मोफत मिळते. चुलीच्या धुरापासून व विडी-सिगारेटपासून लेकरू दूर ठेवावे.

औषध निवडणे हे डॉक्टरांचे काम आहे. श्वास मोजणे आपले. ज्या घरात घड्याळ आहे, त्या घरात या कामासाठी आणखी काहीही विकत आणावे लागत नाही.