पाकीट छापण्याआधी कूलरचा झोत पाहा

अमरावतीच्या मुख्य डाकघराचा पिनकोड ४४४६०१ आणि अकोल्याचा ४४४००१. फरक एका आकड्याचा: सहा की शून्य. घाईत लिहिलेल्या इंग्रजी सहाची वरची रेघ आखूड राहिली, की अमरावतीचं पत्र अकोल्याच्या वाटेला लागू शकतं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत सारख्या नावांचा आणि गिचमिड अक्षरांचा घोळ मिटवण्यासाठीच होती. तरीही ‘पाकीट प्रिंटरमध्ये अडकतं’ म्हणून अनेक कचेऱ्यांत पत्ते हातानेच लिहिले जातात. बिचाऱ्या प्रिंटरवर हा आळ बहुतेक वेळा उगाच येतो. पाकिटं ठेवली कुठे आणि प्रिंटरला सांगितलं काय, हे आधी तपासायला हवं.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कचेरीत कूलर लागतो. त्याच्या ओल्या झोतासमोर कागदाचं उघडं रिम किंवा पाकिटांचा गठ्ठा पडून असतो. कागद हवेतली ओल पटकन शोषतो. पाकिटाच्या झाकणावरचा डिंक ओलसर होऊन झाकण चिकटतं, कडा वाकतात. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर पक्की बसवणारा रूळ साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो. त्याखाली ओला कागद गेला की वाफ होऊन तो गुंडाळला जातो. पाकिटात तर कागदाचे थर असतात, मध्ये हवा असते. कोंडलेली हवा सरकली की सुरकुती पडते. म्हणून गठ्ठा वेष्टनात, कूलरपासून दूर ठेवावा आणि पाकीट घालण्यापूर्वी हाताने दाबून सपाट करावं.

मग छापण्याच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘एन्व्हलप’ निवडावा. जाड कागदाचंही तसंच. साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा. प्रमाणपत्राचा कागद त्याच्या दुप्पट किंवा अधिक जाड असू शकतो. योग्य प्रकार निवडला की यंत्र वेग आणि उष्णता त्याप्रमाणे बदलतं. न सांगितल्यास जाड कागदावर टोनर नीट बसत नाही, नखाने खरवडला की अक्षर निघतं. पदवी प्रमाणपत्रावर असं व्हावं, हे मला अक्षम्य वाटतं. अशा कामाला हाताने कागद घालायचा ट्रे वापरावा आणि मागचं दार असल्यास ते उघडावं. मग कागदाला कमी वळावं लागतं.

चार पाकिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप खरा आहे. चारच असतील तर हाताने, पण सुवाच्य लिहावं. संस्थेच्या वार्षिक सभेची शेकडो पत्रं पाठवताना मात्र हा खटाटोप वेळ वाचवतो. पत्त्याची लेबलं चिकटवणं सोपं, असंही कुणी म्हणेल. ती लेझरसाठीचीच हवीत, नाहीतर उष्णतेने त्यांचा गोंद सुटतो. आणि काही लेबलं काढलेला ताव पुन्हा घातला तर उरलेलं लेबल आतच चिकटून बसू शकतं. प्लॅस्टिकच्या खिडकीच्या पाकिटांचंही तसंच: लेझरसाठी चालतात का, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावीत. साधी पाकिटं घेताना जोड थेट कोपऱ्यापर्यंत आलेला आहे का, तेही पाहावं.