अंगण महागाचं, तरी वाकडंच?

मँचेस्टर युनायटेडने 2016 मध्ये पॉल पोग्बासाठी 8.9 कोटी पौंड मोजले. तरी मार्च 2018 मध्ये सेव्हियाने त्यांना घरच्या मैदानावर 2-1 हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं. मॅनेजर मोरिन्यो म्हणाले, यात नवीन काय? पोर्टो आणि रेआल माद्रिद घेऊन मीच इथे युनायटेडला बाहेर काढलंय!

बोलणं खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. डिसेंबरमध्ये त्यांची नोकरी गेली.

आपणही भारी फर्निचर लावतो, महाग माल भरतो आणि विक्री झाली नाही की म्हणतो, 'मार्केट डाऊन आहे.' असेलही. पण कारण सांगून दुकानाचं भाडं भरलं जात नाही. आज रात्री शटर ओढण्याआधी दोन महिने न हललेल्या मालाची यादी करा. पुढची खरेदी त्यानंतरच.