जाणत्यांचे एकमत आणि सुधारणेचे उपाय

एखादी पद्धती हितावह ठरली म्हणजे ती आचरणात येतेच असे नाही. हा अनुभव आपल्या सेवेत नित्य येतो. रुग्णालयांतही तो तितकाच येतो. उपचार उत्तम, परंतु तो अंगवळणी पाडावयाचा कसा? प्रशिक्षण द्यावे, वजनदार सहकाऱ्यास हाताशी धरावे, की कामाचा आढावा घेऊन तो कर्मचाऱ्यांपुढे ठेवावा? या उपायांची परस्परांशी तुलना करणारे प्रयोग थोडे. म्हणून जाणत्यांचे मत घ्यावे लागते. मात्र ते घेण्याची एक शिस्त आहे.

अमेरिकेतील रँड संस्थेत १९५० च्या दशकात नॉर्मन डाल्की व ओलाफ हेल्मर यांनी 'डेल्फी' पद्धती योजिली. नाव अपोलोच्या दैववाणीवरून आलेले, त्यामुळे आपणांस किंचित खटकेल. पद्धतीत मात्र दैववाणीचा लवलेशही नाही. प्रत्येक तज्ज्ञ आपले मत स्वतंत्रपणे लेखी कळवितो. कोणाचे मत कोणते, हे इतरांस कळत नाही. सर्वांचा मध्य व मतांतील अंतर कारणांसह प्रत्येकाकडे परत जाते आणि त्याला आपले मत बदलण्याची वा कायम ठेवण्याची मुभा असते. अशा दोनतीन फेऱ्या होतात. समितीच्या बैठकीत ज्येष्ठाने तोंड उघडताच बाकीच्यांच्या शंका कशा विरून जातात, हे ज्याने पाहिले आहे, त्यास या गुप्ततेचे मोल सांगावयास नको.

याच पद्धतीत काही फेरबदल करून बायरन पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ७३ उपायांची व्याख्यांसह यादी सिद्ध केली. तिचा मोठा लाभ भाषेचा झाला: एकाच उपायास दहा नावे, ही अडचण पुष्कळ कमी झाली. त्याच वर्षी उपायांचे नऊ गट पाडून प्रत्येकाचे महत्त्व व सुकरता निरनिराळी जोखण्यात आली. हा भेद मला फार मोलाचा वाटतो; महत्त्वाचे ते सुकर असतेच असे नाही.

परंतु कोणत्या अडथळ्यास कोणता उपाय, हे पुढे १६९ जाणकारांस विचारले असता (२०१९) उत्तरे फार विखुरली. नावांवर एकमत झाले, निवडीवर नाही. शिवाय यादी करणारे तज्ज्ञ बहुतांशी उत्तर अमेरिकेतील होते. तेव्हा ती यादी समोर ठेवावी, पण निवड करताना ज्यांच्या अंगावर काम पडणार आहे त्यांनाच, शक्यतो नावाशिवाय चिठ्ठीवर, दोनदा विचारावे: पहिल्यांदा एकेकट्याने, दुसऱ्यांदा इतरांची कारणे वाचून.