पाण्याखालचा पाला आणि आपल्या फडातलं पाचट



कुंपणाचा लाकडी खांब नेमका कुठं कुजतो, बघितलंय का कधी? वरचा भाग कोरडा असतो, तो बरीच वर्षं टिकतो. खोल मातीतला भागही पुष्कळदा शाबूत निघतो. खांब कुजतो तो जमिनीच्या तोंडाशी, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. पाला असो, लाकूड असो, ते कुजवायचं काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना ओल लागते, ऊब लागते आणि आपल्यासारखीच हवा लागते. यातलं एक जरी काढून घेतलं, तरी काम मंदावतं.

हे आज सांगायचं कारण असं, की ऊस तुटून गेला की पाचट पेटवायचं की ठेवायचं, हा विषय घरोघरी निघतो. त्याचं उत्तर नीट कळावं म्हणून आधी एका वेगळ्याच जंगलाची गोष्ट समजून घेऊ.

पाण्यात उभं असलेलं जंगल

इंडोनेशिया आणि मलेशियात सखल भागात मोठमोठी जंगलं आहेत. तिथं पाऊस भरपूर आणि जमीन सपाट, त्यामुळं वर्षातला बराच काळ झाडं पाण्यातच उभी असतात. तिथं ऊब आहे, ओल तर आहेच आहे. नाही ती हवा. साचलेल्या पाण्यात हवा फार हळू शिरते आणि थोडी शिरली तरी लगेच संपते. शिवाय ते पाणी आंबट असतं आणि पाल्याचा अर्क उतरून कोऱ्या चहासारखं काळपट दिसतं. झाडांची पानं जाड, चिवट. मग पडलेली पानं, फांद्या, मेलेली मुळं अर्धवट कुजतात आणि तशीच पडून राहतात. त्यांच्यावर नवा थर पडतो.

या काळ्या, भुसभुशीत थराला पीट म्हणतात. तो वर्षाला साधारण एखादा मिलिमीटरच वाढतो. म्हणजे मीटरभर थर साठायला हजारएक वर्षं लागतात, आणि काही ठिकाणी हा थर १० मीटरपेक्षाही जास्त जाड आहे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे, पण सगळ्या जमिनींतल्या कर्बाचा सुमारे तिसरा हिस्सा तिथं साठलेला आहे. माती परीक्षणाच्या कागदावर आपण ‘सेंद्रिय कर्ब’ वाचतो ना, तोच हा कर्ब.

म्हणजे हा साधा जमाखर्च आहे. झाड वाढलं ती जमा, पाला कुजला तो खर्च. जमा खर्चापेक्षा थोडी जरी जास्त असली, तरी हजारो वर्षांत मोठी शिल्लक पडते. आपल्या गटाच्या बचतीसारखंच.

आपल्या शेजारची दलदल

आपल्या चंदगडहून तिलारी घाट उतरलं की सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका लागतो. तिथं हेवाळे-बांबर्डे इथं रानटी जायफळाची दलदल आहे. क्षेत्र फक्त २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही. गावानं ती देवराई म्हणून राखली आणि २०२१ मध्ये शासनानं तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं.

इंडोनेशियासारखा पीटचा जाड थर इथं नाही, पण झाडांपुढची अडचण तीच आहे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून अशा दलदलीतल्या काही झाडांच्या खोडातून काठीसारखी आधाराची मुळं फुटतात. काहींची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर येतात, हवा घेतात आणि पुन्हा खाली जातात. या जायफळांचं बी वाळलं की मरतं, त्याला ओलच पाहिजे. दलदल आटली तर तिथं नवं झाड उगवणार नाही. झऱ्याचं पाणी अडवलं किंवा वळवलं, तर कुऱ्हाड न लावताही हे जंगल जाईल.

पाणी काढलं की काय होतं

इंडोनेशियात १९९० च्या दशकात सरकारनं भातशेतीसाठी सुमारे १० लाख हेक्टर दलदलीची जमीन घ्यायची ठरवली. हजारो किलोमीटर चर खोदून पाणी काढलं. भात काही नीट पिकला नाही. उलट हवा लागल्यावर हजारो वर्षं दबून राहिलेला थर भराभर कुजू लागला, जमीन खचली आणि वाळलेलं पीट पेटायला लागलं. १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये तिथं भयंकर आगी लागल्या. पीटची आग जमिनीखालून धुमसत राहते, ती लवकर विझत नाही. धूर शेजारच्या देशांत पोचला. बाकीही पुष्कळ पीटजमीन पामच्या बागांसाठी कोरडी केली गेली. आपल्याकडं येणारं पामतेल बहुतेक याच दोन देशांतून येतं, म्हणून ही गोष्ट आपल्या कढईपासून तितकीशी लांब नाही.

आता आपल्या शिवारात

आपल्या शेतात उलटं आहे. ऊब आहे, पाण्याची पाळी आहे आणि नांगरटीनं हवा खेळती राहते. त्यामुळं पाला झपाट्यानं कुजतो आणि कर्ब टिकत नाही. आपला खर्च मोठा आहे, म्हणून जमाही दरवर्षी घालावी लागते. आणि पाचट ही आपल्या हातातली सगळ्यात मोठी जमा आहे. एका एकरातून साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला कर्ब आणि नत्र धुरात जातं, हातात राहते राख.

लोक पेटवतात त्यालाही कारणं आहेत. सरीतनं पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, मजूर मिळत नाही. म्हणून खोडव्याला असं करता येतं:

- बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे. पाचट एका आड एका सरीत दाबायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं.
- एकरी साधारण ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत पाचटावर पसरायचं. पाचटात नत्र कमी असतं, म्हणून जिवाणूंना ही शिदोरी द्यावी लागते.
- जिथं पाणी साचून राहतं, तिथं आधी निचऱ्याचा चर काढायचा. नाहीतर आपलीही लहानशी दलदल होईल, पाचट कुजणार नाही आणि खोडव्याची मुळं मात्र गुदमरतील.

सरी झाकली की तण कमी उगवतं आणि ओल जास्त दिवस टिकते. खुरपणीला कोण वाकतं, हे मी वेगळं सांगायला नको.

परड्यातल्या खताच्या खड्ड्यालाही हाच नियम. घाण वास आला की समजायचं, पाणी जास्त झालंय आणि आत हवा नाही. खड्डा उलथा, थोडा कोरडा पाला मिसळा, पावसाळ्यात वर झाकण करा.

खात्री करायची असेल तर दोन बरण्या घ्या. एकीत ओलसर पाला आणि मूठभर माती घालून तोंडाला फडकं बांधा. दुसरीत तोच पाला पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. दोन महिन्यांनी दोन्ही बरण्या बैठकीत मांडा आणि घरच्या कारभाऱ्यांनाही बघायला बोलवा. पाचटाचा निर्णय बहुतेक घरांत तेच घेतात. यंदा काडी लावायच्या आधी त्यांच्याशी एकदा बोलून घ्या.