जुनी फाइल, नवा स्कीमा: एस्क्यूलाइटमधलं मायग्रेशन

छोट्या ओपन सोर्स टूलचा डेटाबेस बहुतेक वेळा सर्व्हरवर नसतो. तो वापरणाऱ्याच्या लॅपटॉपवर, कुठल्यातरी फोल्डरात एस्क्यूलाइटची एक फाइल म्हणून पडलेला असतो. कुणी दर महिन्याला नवी आवृत्ती घेतं, कुणी थेट तीन वर्षांनी, थीसिस लिहायला बसल्यावर. म्हणून फाइल उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न: ही कितव्या स्कीमाची?

याची सोय फाइलमध्येच आहे. हेडरमध्ये 'यूझर_व्हर्जन' नावाचा एक आकडा असतो. एस्क्यूलाइट स्वतः तो वापरत नाही, तो आपल्यासाठीच मोकळा ठेवलाय. फाइलमध्ये 3 आणि टूलला हवं 7, तर चार पायऱ्या क्रमाने चालवायच्या. एकदा रिलीज झालेल्या पायरीला पुन्हा हात लावायचा नाही.

कॉलम जोडणं सोपं. नाव बदलणं 2018 पासून (3.25) आणि काढून टाकणं 2021 पासून (3.35) जमतं. पण कॉलमचा प्रकार बदलायचा, समजा 'वय' मजकुराऐवजी आकडा करायचंय, तर ऑल्टर टेबल कामाचं नाही. मग नवं टेबल बनवा, डेटा कॉपी करा, जुनं ड्रॉप करा, नव्याला जुन्याचं नाव द्या. क्रम हाच. आधी जुन्याचं नाव बदललंत तर इतर टेबलांमधल्या फॉरेन की त्या बदललेल्या नावामागे जातात.

खरा घात पुढे आहे. समजा 'मुलाखती' टेबलाला 'उतारे' टेबल कॅस्केडने जोडलेलं आहे. फॉरेन की चालू असताना 'मुलाखती' ड्रॉप केलं, की एस्क्यूलाइट आधी त्यातल्या सगळ्या ओळी डिलीट करतं, आणि कॅस्केडमुळे उतारेही जातात. मुलाखती नव्या टेबलात सुखरूप, उतारे शून्य. एरर? काहीच नाही!

म्हणून फॉरेन की आधी बंद करायच्या, आणि तेही ट्रान्झॅक्शन सुरू होण्यापूर्वी. आत दिलेली ती आज्ञा गुपचूप दुर्लक्षिली जाते (ही रचना मला अजिबात पटत नाही). कॉपी झाल्यावर जुन्या टेबलाचे इंडेक्स आणि ट्रिगर पुन्हा बनवायचे, कारण ते टेबलाबरोबरच गेलेले असतात. मग 'फॉरेन_की_चेक' चालवायचं, यूझर_व्हर्जन त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवायचा आणि कमिट. त्यानंतरच फॉरेन की परत चालू.

टेस्टसाठी प्रत्येक जुन्या आवृत्तीची एकेक फाइल रेपोत ठेवा, पण भरलेली. रिकाम्या फाइलवर वरची चूक कधीच सापडणार नाही, कारण तिथे डिलीट व्हायला उतारेच नसतात.